हिंजवडीतले चार दिवस

हिंजवडीला जायचे आमच्या मनात बरेच दिवस होते, पण पाऊल उचलत नव्हते. तिथे आमचा भाचा राहतो. थोरल्या ताईचा एकुलता एक मुलगा, कॉम्प्युटरचा प्रोग्रामर. ताई ९ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री हृदयविकाराने गेली. त्या रात्री आम्ही भाच्याला चौदा वेळा फोन लावला. एकदाही उचलला गेला नाही. पहाटे तो घरी पोहोचला तेव्हा चार माणसांत आम्ही त्याला बोललो, "आईपेक्षा तुझी कंपनी मोठी झाली का रे?" त्याने उत्तर दिले नाही. पुढे दहा महिने फोनवर "हो मामा", "बरं मामा" यापलीकडे त्याचे बोलणे गेले नाही.

तो शब्द आम्हाला टोचत होता. शेवटी सौभाग्यवतीनेच विषय काढला. ती म्हणाली, "मोठेपणा बाजूला ठेवा आणि चला." रविवार, २२ डिसेंबरला आम्ही उभयता कल्याणहून सकाळच्या गाडीने निघालो. सोबत भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, आणि एक पेनड्राइव्ह. त्याची हकीकत पुढे येईलच.

कर्जतला गाडी थांबली की खिडकीशी वडापाववाल्यांची झुंबड उडते. त्या गडबडीत गाडीच्या मागच्या बाजूला जादा इंजिने जोडली जातात. बोरघाटाचा चढ सदतीसास एक असा कडक आहे. पुढचे इंजिन एकटे गाडी नेऊ शकत नाही. मागची इंजिने ढकलतात आणि घाट चढून झाला की सुटतात. डब्यातल्या माणसाला ती दिसतही नाहीत. आम्हाला ताई आठवली. ती एका खाजगी शाळेत सेविका होती. मुलगा दहावी झाल्यावर त्याच्या एमएससीआयटीची फी तिने भिशीच्या पैशातून भरली, मग डिप्लोमा, मग डिग्री. २०१८ साली मुलाला नोकरी लागली तेव्हा तिने शाळेत पेढे वाटले. तो नेमके काय काम करतो हे तिला शेवटपर्यंत सांगता आले नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढेच ती अभिमानाने सांगे. खरे म्हणजे आम्हालाही त्याहून जास्त ठाऊक नव्हते.

पुणे स्टेशनवरून बसने हिंजवडी गाठायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आमची गाडी परत लोणावळ्याला गेली असती. तोही रविवार होता म्हणून बरे! सोमवारी सकाळी भाच्यासोबत शिवाजी चौकात जाऊन उभे राहिलो तेव्हा खरी हिंजवडी दिसली. वाकडच्या पुलाकडून आणि भूमकर चौकाकडून मोटारी, बस, दुचाक्या अशा येत होत्या की चालणारा माणूस त्यांच्या पुढे निघून जाई. डोक्यावर मेट्रोचे खांब. माण ते शिवाजीनगर अशी ही सुमारे तेवीस किलोमीटरची मार्गिका. तिचे भूमिपूजन २०१८ साली झाले. आम्ही गेलो तेव्हा काम चालूच होते.

हा मूळचा मुळशी तालुका, भातशेतीचा मुलूख. औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी, माण या गावांच्या जमिनी घेऊन इथे माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभारले आणि त्याचे टप्पे वाढत गेले. काचेच्या इमारती आभाळाला टेकल्या, पण कारभार मात्र त्या वर्षीही ग्रामपंचायतीकडेच होता. सकाळी आठच्या सुमारास त्या इमारतींच्या मागच्या दारांशी आम्ही मुद्दाम जाऊन आलो. झाडलोट करणाऱ्या बायका, पहारेकरी, कॅन्टीनची पोरे यांच्या रांगा लागल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र त्यांच्याही होते, फक्त पट्टीचा रंग वेगळा. वाचकहो, 'आयटी' म्हटले की आपल्याला पुढचे दार दिसते. मागच्या दाराने आत जाणारी माणसे आपल्याच घरांतली आहेत.

भाचा दोन मित्रांसोबत भाड्याच्या सदनिकेत राहतो. आठवड्यातले तीन दिवस कचेरीत, दोन दिवस घरून काम. मंगळवारी तो घरून काम करीत होता, तेव्हा मागे खुर्ची टाकून आम्ही दिवसभर पाहिले. सकाळी दहाला सगळे पडद्यावर जमतात आणि काल काय केले, आज काय करणार, हे एकेक जण सांगतो. मग ज्याच्या त्याच्या नावावर तक्रारी पडतात. भाच्याच्या वाट्याला आलेली तक्रार अशी होती की परदेशातल्या एका दुकानाच्या बिलात कधी कधी थोडी रक्कम कमी येते. नेहमी नाही, कधी कधी. चार तास तो हजारो ओळींची नोंद वाचत होता. चहा तिथेच निवला.

आम्ही म्हणालो, "अरे, हे तर आमच्या तेरजेसारखे झाले." बी.कॉम.ला आम्हाला एका सरांनी शिकवले होते, तेरजेच्या दोन बाजू जुळल्या नाहीत तर आधी फरक पाहा. फरकाला नवाने नि:शेष भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे लिहिले गेल्याची शंका घ्यावी, चोपन्नाचे पंचेचाळीस. फरकाच्या निम्मी रक्कम खात्यात सापडली तर ती चुकीच्या बाजूला पडली असेल. भाचा खुर्ची फिरवून आमच्याकडे पाहू लागला. "मामा, हेच तर डिबगिंग!" दहा महिन्यांत प्रथमच तो मोकळा हसला.

मग त्याने 'बग' या शब्दाची गोष्ट सांगितली. बग म्हणजे किडा. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला किडा म्हणण्याची रीत त्याआधीही होती, पण हा किडा हाती लागलेला! "आमचे किडे असे दिसत नाहीत," तो म्हणाला. "दिसले असते तर रात्री झोप लागली असती."

रात्रीचा हिशेब आम्हाला तेव्हा कळला. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. त्यांचा दिवस उजाडतो तेव्हा याचा दुसरा दिवस सुरू होतो. आता यंत्रच प्रोग्राम लिहू लागले आहे, मग तुझे काय, असे आम्ही काळजीने विचारले. तो म्हणाला, "मामा, ते भराभर लिहिते, बरेचसे बरोबरही असते. पण चुकले तर रात्री दोनला फोन मलाच येतो. लिहायचा वेळ वाचला, तपासायचा वाढला. आणि माणसे कमी करायला वरच्यांना कारण मिळाले." हे तो न चिडता बोलला, याचेच आम्हाला वाईट वाटले.

मग आमच्या पत्नीने सरळच विचारले, "त्या रात्री काय झालं होतं, बाळा?"

त्या रात्री मोठ्या कामाची चढवणी होती. ज्या गिऱ्हाइकाचे काम चालते त्याच्या नियमाप्रमाणे त्या दालनात फोन नेता येत नाही. बाहेर कप्प्यात कुलूप लावून ठेवावा लागतो. पहाटे दोनला तो बाहेर आला आणि कप्पा उघडला. आमचे चौदा फोन. त्याच्याही आधी आईचा आवाजी निरोप. ताईला मोबाईलवर मराठी लिहिणे जमत नसे. ती बोलूनच निरोप पाठवी. त्याने तो आम्हाला ऐकवला. "छातीत जळजळतंय जरा. तू कामात असशील, फोन नको करू. सकाळी कर." एवढेच. "त्या रात्री मी काय दुरुस्त करत होतो ठाऊक आहे मामा? एका पडद्यावर तारीख चुकीची दिसत होती."

हे त्याने तेव्हाच का सांगितले नाही? "तुम्ही म्हणालात ते मलाही खरंच वाटत होतं," तो म्हणाला. आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "असं नका करू मामा," आणि मामीच्या मांडीवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट कळली. ताईचा मोबाईल त्याच्या कपाटात आहे. बरेच दिवस वापर नसला तर नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. ते होऊ नये म्हणून हा दर अठ्ठावीस दिवसांनी त्यात पैसे भरतो. अकरा वेळा भरून झाले होते. महिना तीस दिवसांचा आणि रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा हप्ते, हा हिशेब आमच्यातल्या कारकुनाने मनात केला. पण 'कशाला पैसे घालवतोस' हे वाक्य सुदैवाने तोंडातून निघाले नाही.

आता पेनड्राइव्ह. ताईने वस्तीत बायकांचा बचत गट काढला होता. तिने सांगितलेले नियम २००४ साली आम्ही संगणकावर टंकले होते. गटातल्या बायकांना त्याची नवी प्रत हवी होती, पण झेरॉक्सच्या दुकानात ती फाईल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. भाच्याने कारण सांगितले. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की चित्र जाते आणि खालचे इंग्रजी उरते. १९९१ पासून युनिकोड आले. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५, तो जगातल्या कुठल्याही संगणकावर तोच.

दुसऱ्या दिवशी नाताळ, अमेरिकेला सुटी, म्हणून ती रात्र मोकळी होती. जेवण झाल्यावर तो त्या फाईलशी बसला. कुठल्या इंग्रजी अक्षराखाली कुठले मराठी अक्षर आहे याचा तक्ता त्याने हाताने केला आणि बदल करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्यांदा निघालेले मराठी वेडेवाकडे होते. पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर, रफार जागचा हललेला. जुन्या फॉन्टमध्ये टाइपरायटरसारखी वेलांटी आधी आणि अक्षर मागून येते. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. ते सुधारून रात्री तीनच्या सुमारास त्याने आम्हाला हाक मारली. पडद्यावर स्वच्छ मराठीत ताईचे नियम होते. सातवा नियम असा:

"सभासदाच्या घरी आजारपण किंवा दुःख असेल तर हप्ता मागायला जाऊ नये. भेटायला जावे."

तो तिघांनी वाचला. कुणीच काही बोलले नाही.

बुधवारी, २५ डिसेंबरला, आम्ही तिघे देहूरोडला गेलो. हिंजवडीहून ते फार लांब नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. ताई दरवर्षी त्या दिवशी कल्याणहून यायची. सहा वर्षे इतक्या जवळ राहून भाच्याला एकदाही तिच्यासोबत जाता आले नव्हते, कधी चढवणी, कधी रजा नाही. त्या दिवशी लहान मुले, म्हाताऱ्या बायका, शिदोऱ्या सोडून बसलेली कुटुंबे अशी गर्दी होती. ताई जिथे बसायची असा आमचा अंदाज होता तिथे आम्ही बसलो. मेणबत्ती भाच्याने लावली. तासभर त्याने खिशातला फोन काढला नाही.

परत निघताना भाचा म्हणाला, "२९ तारखेला आईचा रिचार्ज आहे." आम्ही म्हणालो, "या वेळचा आम्ही करतो."

समाजबांधवांनो, आणि विशेषतः माता-भगिनींनो, आपल्या घरची मुले या नव्या धंद्यात शिरली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. आपण त्यांना पगार विचारतो, पॅकेज विचारतो, लग्नाचे विचारतो. काम काय असते, रात्री कितीला सुटतोस, फोन जवळ असतो की कप्प्यात, हे विचारत नाही. ते विचारा. कचेरीतला असा एक नंबर मागून घ्या, की जो अडीअडचणीला कुणीतरी उचलेल. आमच्याकडे तो असता तर निदान चौदा फोन लावावे लागले नसते. आणि रागाच्या भरात कुणाला बोलून बसला असाल, तर पत्र किंवा निरोप पाठवत बसू नका. गाडी पकडा आणि जा.