काळा कर्णा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण एक ट्रॉम्बोन!

नातेवाईक मंडळींसाठी आधी खुलासा: ट्रॉम्बोन म्हणजे लांब नळी पुढे-मागे सरकवत वाजवायचं पितळी वाद्य. चिरंजीव शाळेच्या बँडमध्ये ते शिकायला लागले आणि नाद लागला बापाला. चिरंजीवांनी दोन वर्षांत सोडलं, मी मात्र अजून शनिवारी सकाळी क्लीव्हलँडच्या आसपासचे गराज सेल धुंडाळत फिरतो. (ही म्हणते, आणखी एक पेटी घरात आली तर आपण पेटीत झोपायचं.)

तर परवा एका आजींकडे टेबलाखाली एक पेटी दिसली. चाळीस डॉलर. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, त्याची. उघडली तर आत माउथपीस नाही, नळ्या पिवळ्या, आणि पुढचा कर्णा, ज्याला बेल म्हणतात, तो काळाकुट्ट.

आता पितळ जुनं झालं की तपकिरी होतं, हिरवट होतं. त्यातलं जस्त निघून गेलं की गुलाबी ठिपके पडतात, त्याला इथे रेड रॉट म्हणतात. असे ठिपके दिसले की मी पेटी मिटतो. हे तसं नव्हतं. निळसर झाक असलेलं काळं, आमच्या आजीच्या अत्तरदाणीसारखं. मला तिथेच शंका यायला हवी होती. खरं सांगायचं तर, आली होती. मी काही बोललो नाही. चाळीस डॉलर दिले आणि निघालो.

घरी टबात कोमट पाणी, भांड्यांचा साबण. मऊ फडक्याने हळूहळू पुसत गेलो तशी अक्षरं वर आली. आधी 'किंग'. मग एच. एन. व्हाइट, क्लीव्हलँड. आणि शेवटी 'स्टर्लिंग सिल्व्हर'.

हेंडरसन व्हाइट यांनी १८९३ मध्ये ही कंपनी काढली. थॉमस किंग नावाच्या वादकाबरोबर बसून त्यांनी ट्रॉम्बोन बनवला आणि त्याचंच नाव वाद्याला दिलं. सुपीरियर अॅव्हेन्यूवर कारखाना होता, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. १९६५ मध्ये कंपनी विकली गेली, मग कारखाना ईस्टलेकला हलला. म्हणजे हे वाद्य बहुधा त्याआधीचं. आणि बेल चांदीची. मुलामा नव्हे, अख्खी, साडेब्याण्णव टक्के चांदी!

मॉडेलचं अक्षर झिजलं होतं. मग बाहेरची स्लाइड काढून आतल्या दोन नळ्यांच्या तोंडांना व्हर्नियर लावला. (इंजिनिअरिंगचा एवढाच काय तो उपयोग.) वरची नळी १२.२ मिलिमीटर, खालची साधारण १२.५. पाव मिलिमीटरचा फरक! माझी चूक समजून तीनदा मोजलं. पण तो फरक मुद्दाम ठेवलेला असतो: फुंकर आत जाते ती नळी अरुंद, परतते ती किंचित रुंद. हीच किंग २बी ची खूण. चांदीमुळे आवाज बदलतो की नाही यावर वादक तावातावाने भांडतात. मला डोळे मिटून ओळखता येणार नाही. पण मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटेल अशा जागी कुणीतरी पाव मिलिमीटरचा विचार करून ठेवलाय, याचं मला चांदीपेक्षा अप्रूप वाटलं.

हिला सगळं उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "आजींना माहीत होतं?"

आठवडाभर पेटी उघडली नाही. अशी वाद्यं चाळीस डॉलरच्या कितीतरी पट किमतीला जातात, हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या शनिवारी चेकबुक घेऊन गेलो.

आजी हसल्या. "चांदीची आहे, ठाऊक आहे मला. त्या चांदीपायी त्या वर्षी आमचा फ्रिज राहिला होता." नवरा दिवसा स्टील मिलमध्ये, शनिवारी रात्री डान्स बँडमध्ये. "मुलांना नको होतं. तुम्ही उघडून नळ्या तपासत होतात, म्हणून तुम्हाला दिलं."

मी चेक पुढे केला. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर घेतला. (आकडा हिला ही पोस्ट वाचून विचारता येईल.) मी दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी थांबवलं, आत गेल्या. स्वयंपाकघरातला खण उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर आल्या तेव्हा हातात माउथपीस होता, चकचकीत पुसलेला.

"हा एवढा ठेवून घेतला होता," म्हणाल्या, आणि माझ्या हातात दिला.