थंडीची पुंजी

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी मच्छीमार नगर वसले आहे. समुद्रावर निघणाऱ्या बोटींत जाळ्यांबरोबर बर्फही चढवला जातो, कारण मुंबईचा समुद्र उबदार आहे. याच शहरात, भायखळ्याच्या राणीच्या बागेत, थंड समुद्रासाठीच घडलेला एक पक्षी राहतो.

तो म्हणजे हम्बोल्ट पेंग्विन. जुलै २०१६ मध्ये सोल शहरातून असे आठ पक्षी येथे आणले गेले. पेंग्विन म्हटले की बर्फ आठवतो. परंतु याचे मूळ घर पेरू आणि चिलीचा रुक्ष किनारा होय. तेथे डोक्यावर ऊन असते आणि पाण्यात दक्षिणेकडून येणारा थंड प्रवाह.

त्याच्या देहाची रचना या दुहेरी व्यवहाराला अनुरूप आहे. आखूड, दाट पिसे एकमेकांवर कौलांसारखी बसतात आणि त्यांखालची मऊ लव हवा धरून ठेवते. शेपटीजवळच्या ग्रंथीतील तेल तो चोचीने पिसांना लावतो. त्यामुळे पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही. त्वचेखाली चरबीचा साठा असतो. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडे पोकळ, याची भरीव. म्हणून बुडी मारणे सोपे जाते. पंखांची वल्ही झाली आहेत. डोळ्यांवरील ग्रंथी रक्तातील जादा मीठ बाहेर टाकतात. किनाऱ्यावर ऊन वाढले की चोचीभोवतीच्या उघड्या गुलाबी त्वचेतून उष्णता निघून जाते.

वर्षातून एकदा मात्र सगळी पिसे गळतात. नवी येईपर्यंत तो पाण्यात उतरत नाही. दोन-तीन आठवडे साठवलेल्या चरबीवरच निभावतो.

ही पुंजी समुद्र थंड असेल तोवरच पुरते. एल निनोच्या वर्षी पेरूचे पाणी तापते, मांदेलीच्या कुळातील मासळी दूर किंवा खोल जाते आणि पेंग्विन उपाशी राहतात. १९८२-८३ मध्ये असे असंख्य पक्षी दगावले. त्याच एल निनोने आपल्याकडचा पाऊस पुष्कळदा ओढ देतो, हे बाजारपेठेला ठाऊक आहे.

भायखळ्यात काचेआडची थंडी यंत्रे अहोरात्र चालवून राखावी लागते. तरीही आठांपैकी एक पक्षी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला. मच्छीमार नगरातील बोटीसाठी बर्फ विकत मिळतो, दालनासाठी वीजही मिळते. पेरूच्या किनाऱ्याला थंडी पुरवणारा दुसरा कोणी नाही.