मुक्काम वाई

जमिनीचा मोठा मोबदला हाती आला आणि माझ्या थोरल्या बंधूंनी एकाहत्तराव्या वर्षी प्रवासाचा सपाटा लावला. दोन वर्षांत काशी, काश्मीर, सिंगापूर, स्वित्झर्लंड झाले. पुढेपुढे मात्र निघतानाच ते विचारू लागले, “परत कधी यायचे?” वहिनींचे गुडघे तर केव्हाच थकले होते.

१९७८ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी लॉटरी जिंकलेल्या २२ जणांचा अभ्यास केला. रोजच्या लहानसहान गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी आढळला. नवलाई नित्याची झाली की मन तिला सरावते.

यंदा दोघे आठ दिवस वाईलाच राहिले. सकाळी कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीचे दर्शन. दुपारी विश्रांती, औषधे वेळेवर. घाट उतरणे वहिनींना जमेना, म्हणून त्या वरच्या पायरीवरच नदी पाहत बसत. चौथ्या दिवशी फुलवालीने त्यांना आपणहून हाक मारली. बंधू म्हणाले, “इतके हिंडलो, पण ओळख इथेच झाली.”

ज्येष्ठांना प्रवासास नेताना स्थळे मोजकी ठेवावीत, मुक्काम मोठा ठेवावा आणि परतीचा दिवस आधीच सांगावा. घराची ओढ शिल्लक असते, तोवरच प्रवास गोड लागतो.