न दिसणारा गंज

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, असा समज घराघरांतून रूढ आहे. स्वयंपाकघरातील पातेली वर्षानुवर्षे टिकतात. तेव्हा हा समज व्हावा हे स्वाभाविकच होय. परंतु आमच्या गोव्याच्या किनारपट्टीवर ॲल्युमिनियमची सायकल वापरणारांनी त्यावर फार विसंबू नये, असे आम्हांला सांगावेसे वाटते.

लोखंडाचा गंज तांबडा. तो आपली वर्दी आधी देतो. ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो व तोच त्याचे चिलखत होतो. मीठ मात्र या चिलखताला जागोजागी भोके पाडते. हे मीठ खाऱ्या वाऱ्यातून येते, तसेच स्वाराच्या घामातूनही येते. त्यातच पोलादी दांडी किंवा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकलेला असून मध्ये खारट ओल राहिली, तर तेथे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. अशा वेळी झिजते ते ॲल्युमिनियमच.

आमच्या परिचयाचा एक तरुण आपली सायकल नित्य लख्ख पुसून ठेवी. धाकट्या बहिणीला शिकवावे म्हणून त्याने बैठक खाली करावयास घेतली, तो दांडी जागची हलेना! झिजेतून निघणारी पांढरी भुकटी मूळ धातूहून अधिक जागा व्यापते आणि दांडी नळीत आवळून धरते. दुकानात अखेर ती कापून काढावी लागली. नळीच्या आत खळगे पडले होते, आणि एका खळग्यातून केसासारखी बारीक चीर निघाली होती. आम्ही तेथेच उभे होतो. तो तरुण काही बोलला नाही. त्याच सायकलीच्या मागे बसून त्याची बहीण रोज शाळेत जात असे.

उपाय अवघड नाहीत. पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा बैठकीच्या दांडीवर उंचीची खूण करावी व ती बाहेर काढावी. सायकल उलटी करून आतले पाणी निथळू द्यावे, नळी आतून पुसून कोरडी करावी, आणि दांडीला ग्रीसचा पातळ हात देऊन ती परत बसवावी. पाण्याच्या बाटलीचे बोल्टही असेच काढून लावावे. दांडी कार्बनची असल्यास ग्रीसऐवजी तिच्यासाठी मिळणारा खास लेप वापरावा. पेडलच्या आसाजवळ खाली पाणी जाण्याचे छिद्र असेल, तर ते चिखलाने बुजू देऊ नये. सायकल गोड्या पाण्याने धुवावी. कॉस्टिक सोडा मात्र लावू नये, कारण तो ते चिलखतच खाऊन टाकतो.

रंग फुगलेला दिसला, तर आत काय चालले आहे ते अवश्य पाहावे. चीर आढळल्यास त्या सायकलीवर बसू नये, आणि रस्त्याकडेच्या वेल्डिंगवरही भिस्त ठेवू नये. ६०६१ सारख्या मिश्रधातूचे बळ जोडाच्या उष्णतेने घटते. मोठ्या भावाची सायकल धाकट्याच्या हाती देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ती दांडी एकदा स्वतः काढून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.