अडलेली शाई

लेखणी अडली की माणसाचा राग प्रथम लेखणीवरच निघतो. फाउंटन पेनाने दोन अक्षरे उमटवून मौन धरले, की कोणी ते जोराने झटकतो, कोणी त्याचे निब कागदावर दाबतो, तर कोणी निबाच्या चिरेत ब्लेडचे पाते घालून आपल्या हुशारीची परीक्षा पाहतो. झटकल्याने शाई कागदाऐवजी भिंतीवर आणि शेजाऱ्याच्या सदऱ्यावर जाते. दाबल्याने निबाची टोके फाकतात. ब्लेडच्या उपायाविषयी न बोललेलेच बरे! वास्तविक अडलेले पेन बहुधा मोडलेले नसते. त्याची वाट तेवढी बुजलेली असते.

ही वाट फार जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. त्यांची लेखणी आज कोठून पाहायला मिळणार! परंतु बोरू करण्याची रीत जुन्या माणसांना ठाऊक होती. बोरू चाकूने तासायचा, टोकाला तिरकी कत द्यायची आणि मधोमध एक बारीक चीर पाडायची. दौतीत बुडवलेल्या बोरूची शाई त्या चिरेतून कागदाकडे उतरे. धातूच्या निबातही तीच चीर आहे. अरुंद फटीत द्रव आपण होऊन ओढला जातो. या गुणाला केशाकर्षण म्हणतात. समईची वात तेल पिते ती याच गुणाने.

बोरूला काही शब्दांनंतर पुन्हा दौतीकडे वळावे लागे. फाउंटन पेनाने दौतच पोटात घेतली; पण तिच्याबरोबर एक अडचणही पत्करली. उसाचा रस पिताना नळीचे वरचे तोंड बोटाने बंद करून पाहावे. नळीतला रस खाली पडत नाही. बोट काढून हवा आत जाऊ दिली, की तो लगेच गळतो. पेनाचेही तसेच आहे. जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे. अमेरिकेतील लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या पेनाचे पेटंट मिळवले, त्यात निबाखालच्या पट्टीला बारीक खाचा ठेवून ही देवघेव साधली होती. आजही निब उलटे करून पाहिल्यास ही पट्टी दिसते. तिला पेनाची जीभ म्हणतात.

शाई म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेला रंग. पेन पडून राहिले की पाणी उडून जाते आणि रंग जिभेच्या खाचांत सुकून बसतो. मग शाईला उतरता येत नाही आणि हवेला चढता येत नाही. अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान असताना पंडित नेहरूंनी १९४४ सालच्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ची सुमारे हजार पाने हाताने लिहिली. अशा रोज राबणाऱ्या हातातील लेखणीला सुकण्याची उसंत मिळत नाही. अडते ते पेटीत पडलेले पेन.

संगमनेरातील एका घरी असेच एक पेन अकरा वर्षे पेटीत होते. सहावीतल्या नातीने ते काढले, शाई भरली, झटकले. कागद कोराच राहिला. ती पिन आणायला उठली, तशी आजीने तिचा हात धरला.

“पोरी, त्याला टोचू नकोस. मी आधी अंगठा द्यायची. ह्यांनी मला सही शिकवली ती याच पेनाने.”

दोघी बाजारपेठेतील एका वृद्ध घड्याळजीकडे गेल्या. त्यांनी पेन भिंगाखाली धरून पाहिले आणि म्हणाले, “आजी, याला काही झालेले नाही. तहान लागली आहे त्याला.”

“मग गरम पाण्यात घालू का, काका?” नातीने विचारले.

“छे, छे! हे एबोनाइटचे आहे. गरम पाण्याने याचा काळा रंग विटेल. स्पिरिटही नको. गार पाणीच घे. पण विहिरीचे जड पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतील. उकळून गार केलेले, गाळलेले पाणी बरे.”

घरी आल्यावर मुलीने पेनाचा पुढचा भाग फिरवून वेगळा केला, शाई ओतून टाकली आणि तो भाग वाटीत बुडवला. निबाच्या टोकाशी निळा धागा सुटला आणि पाण्यात वळत वळत खाली गेला. थोड्याच वेळात वाटी निळीशार झाली. पाणी बदलले, पुन्हा निळे झाले. रात्रभर पेन तसेच ठेवले. सकाळी तिने भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब पाण्यात कालवला, ड्रॉपरने ते पाणी मागच्या बाजूने सावकाश आत सोडले आणि नंतर साध्या पाण्याने चार-पाच वेळा धुतले. दुसऱ्या सायंकाळपर्यंत एवढाच उद्योग चालला होता. मध्ये दोनदा तिने कंटाळून पिनेकडे पाहिले, हेही सांगितले पाहिजे. अखेर पाणी स्वच्छ येऊ लागले. निब टीपकागदावर टेकवून ठेवले, तेव्हा कागदाने उरलेला ओलावा निमूटपणे शोषून घेतला.

तिसऱ्या दिवशी शाई भरली. पेन उभे धरून दोघी थांबल्या. नातीने पेन आजीपुढे केले.

आजीने वर्तमानपत्राची कोरी कड समोर ओढली. पहिली रेघ पाण्यासारखी फिकट आली. दुसऱ्या अक्षरापासून शाई गडद झाली. नाव पुरे करून तिने आडनावाला हात घातला, मात्रा द्यायची राहिली होती ती मागे जाऊन दिली, आणि मग शाई वाळेपर्यंत कागदावर हात पडू दिला नाही.