बाबांचा हात आणि एक विसरलेला शब्द

वाडे, पंगती, गणपती, जुन्या शाळा यांच्या आठवणी आपण सगळेच लिहितो. आज मी आमच्या इंदूरच्या घरातल्या कंप्युटरची गोष्ट सांगून राहिलो आहे. थोडी लांब आहे आणि मधे जरा तांत्रिक आहे. पण ज्यांच्या घरी म्हातारे आई-वडील कंप्युटरवर काही लिहीत असतील, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

बाबा गणिताचे मास्तर. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, आता वय एकोणऐंशी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मनावर घेतलं, की पणजोबा होळकरांच्या इंदुरात कसे आले तिथपासून आपल्या घराची हकीकत लिहून ठेवायची. वहीत नाही, कंप्युटरवरच, कारण "वही कोण वाचणार? तुम्ही लोक मोबाइलमधे वाचता." शहात्तराव्या वर्षी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकले. कीबोर्डचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून समोर ठेवला आणि एका बोटाने सुरू झाले. रोज सकाळी पोहे झाले की एक पान. फाइलचं नाव 'आठवणी'. सहा प्रकरणं झाली होती.

मी बडोद्याला असतो. रविवारी फोन. मागच्या दिवाळीनंतर हळूहळू त्या फोनमधून 'आठवणी' गायब झाल्या. विचारलं तर बाबा म्हणायचे, "होईल रे, घाई काय आहे?" मग फेब्रुवारीत आई हळू आवाजात म्हणाली, "अरे, त्यांचा हात कापतो बहुतेक. एक अक्षर दोन-दोनदा उमटतं. परवा स्वतःच म्हणाले, आता माझ्याच्याने होत नाही. कुणाला सांगू नको म्हणाले." ताईला कळलं. तिने मेंदूच्या डॉक्टरांची मे महिन्यातली वेळ घेऊन ठेवली. ताईच्या सासऱ्यांना कंपवात होता, त्यामुळे तिचा जीव आधीच घाबरलेला. मी रजा टाकून इंदूरला आलो.

आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता भिंतीवरच्या कालनिर्णयकडे लक्ष गेलं. दुधाचा हिशोब बाबाच लिहितात. एकेका तारखेच्या चौकटीत 'अर्धा', 'एक', 'नाही'. बारीक, सरळ, मास्तरी अक्षर. जानेवारीचं पान उलटलं, मार्चचं उलटलं, सगळीकडे तेच. ज्याचा हात कापतो तो एवढ्याशा चौकटीत असं लिहील?

मी बाबांना म्हटलं, "बाबा, जरा दोन ओळी टाइप करून दाखवा ना." आधी नाही म्हणाले. मग बसले. मी पडद्याकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघत राहिलो. बोट एकदा खाली गेलं. थांबलं. पडद्यावर काही आलं नाही. बोट परत खाली गेलं. आणि मग दोन्ही अक्षरं एकदम उमटली. 'आजी' लिहायचं होतं, 'आजीी' झालं, दुसऱ्या वेलांटीखाली ते तुटक ठिपक्यांचं वर्तुळ. बाबांनी मान खाली घातली. "बघितलंस?"

बघितलं होतं. पण त्यांना वाटलं ते नाही. अक्षर उशिरा येत होतं, म्हणून ते दुसऱ्यांदा दाबत होते.

आता तांत्रिक भाग. या कंप्युटरवर लिनक्स मिंट आहे, मीच टाकलेलं. मशीन जुनी, दोन कोरचा प्रोसेसर, चार जीबी रॅम. आईच्या सांगण्यावरून शेजारच्या मुलाने ती एकदा दुकानात दाखवून आणली होती. तिथे "काकू, नवीन घ्या" असं ऐकायला मिळालं. धूळ काढली, पंखा साफ केला, फरक शून्य. मी माझा लॅपटॉप काढला आणि एसएसएचने त्यातून बाबांच्या मशीनमधे शिरलो. हे मुद्दाम. त्याच पडद्यावर नवी खिडकी उघडून मोजायला बसलं, की ती खिडकी रंगवायचं कामही त्याच मशीनवर पडतं आणि आकडा खोटा येतो.

'टॉप' ही कमांड दिली. कोण किती प्रोसेसर खातो याची यादी येते, सगळ्यात खादाड सगळ्यात वर. सगळ्यात वर होता 'एक्सऑर्ग'. ९४ टक्के. इथे १०० म्हणजे एक अख्खा कोर, म्हणजे दोन बैलांपैकी एक बैल फक्त याच कामाला जुंपलेला. रॅम मात्र अर्धी मोकळी होती. म्हणजे नवी रॅम घालून काही होणार नव्हतं.

एक्सऑर्ग कोण? पडद्यावर जे दिसतं ते काढणारा हा. १९८४ मधे अमेरिकेत एमआयटीमधे 'एक्स' नावाची पद्धत सुरू झाली, तिचाच हा वंशज. यात गंमत अशी, की आपल्या टेबलावर बसलेल्या या गड्याला 'सर्व्हर' म्हणतात आणि ब्राउझर, लिहायचा प्रोग्राम, घड्याळ हे सगळे त्याचे 'क्लायंट'. ते मागतात, "इथे खिडकी काढ, तिथे अक्षर काढ." हा काढतो. कीबोर्ड आणि माउसची खबरही आधी याच्याकडेच येते, मग हा ती योग्य प्रोग्रामला पोचवतो. म्हणजे हा चित्र काढण्यात गुंतला, की बाबांनी दाबलेलं अक्षर दाराशी उभं राहतं. बोट उचलल्याची खबरसुद्धा उशिरा पोचते, त्यामुळे कधी कधी एकच दाब मशीन दोनदा मोजते.

मला आमच्या आजीचं स्वयंपाकघर आठवलं. पंगतीला उशीर झाला की सगळे म्हणायचे, आजी हळू झाली. बाहेर कोण किती वेळा चहा मागून राहिलं आहे, हे कोणी मोजत नव्हतं. तसंच यादीत एक्सऑर्ग वर दिसला म्हणून दोष त्याचा असं नाही. त्याला बंद केलं तर सगळा पडदाच जातो. विचारायचं हे, की याला एवढं काम सांगतंय कोण.

म्हणून एकेक क्लायंट बंद करत गेलो आणि लॅपटॉपवर आकडा बघत राहिलो. घड्याळ काढलं, काही नाही. लिहायचा प्रोग्राम मिटला, थोडा फरक. ब्राउझरमधे बाबांनी वर्तमानपत्राचं पान उघडं ठेवलेलं असतं. त्यात कडेला एक जाहिरात सारखी हलत होती. तो टॅब मिटला आणि आकडा ९४ वरून ४० च्या आसपास आला. अर्धी चोरी पकडली!

पण अर्धीच. एवढीशी जाहिरात हलली म्हणून अर्धा कोर का लागावा? आणि नुसती खिडकी सरकवली तरी आकडा परत सत्तरवर का जावा? म्हणजे रंगवण्याची पद्धतच महाग पडत होती.

'जीएलएक्सइन्फो'ला विचारलं, चित्र काढतंय कोण? उत्तर आलं, 'एलएलव्हीएमपाइप'. याचा अर्थ ग्राफिक्सचं हार्डवेअर कामच करत नाही, सगळं प्रोसेसर स्वतः करतो. घरात पाण्याची मोटर आहे, पण बंद, आणि कोणीतरी विहिरीतून पोहऱ्याने पाणी ओढतंय. बाबांचा पडदा १२८० गुणिले १०२४ वर होता, म्हणजे १३,१०,७२० ठिपके. काही हललं की तेवढी जागा प्रोसेसरने हाताने भरायची. एक्सऑर्ग आपली रोजनिशी एका लॉग फाइलमधे लिहितो, तीही वाचली. मदरबोर्डवर इंटेलचं ग्राफिक्स असून त्याने साधा 'वेसा' ड्रायव्हर धरला होता. हा कोणत्याही कार्डावर कसाबसा चालतो, पण त्याला मोटर चालवता येत नाही.

इंटेलचा ड्रायव्हर का नाही धरला? मशीन सुरू होताना कर्नलला कोणत्या सूचना मिळाल्या ते 'प्रॉक'मधल्या 'सीएमडीलाइन' फाइलमधे दिसतं. ती उघडली. एक ओळ. शेवटचा शब्द: 'नोमोडसेट'.

आणि मला दिवाळी आठवली.

दिवाळीत मीच या मशीनवर नवं मिंट टाकलं होतं. तेव्हा तिच्यात जुनं एनव्हिडियाचं कार्ड होतं आणि पडदा काळा पडत होता. अशा वेळी 'नोमोडसेट' लिहितात. त्याचा अर्थ, कर्नलने पडद्याची मांडणी स्वतः करू नये, म्हणजे खरा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि निदान काहीतरी दिसतं. ती तात्पुरती सोय आहे, कुबडी आहे. मी तो शब्द ग्रबच्या फाइलमधे लिहिला, काम झालं, फराळाला बसलो. दुसऱ्या दिवशी त्या कार्डाचा पंखा फार आवाज करतो म्हणून मीच कार्ड काढून टाकलं आणि पडद्याची वायर मदरबोर्डला लावली. आजार गेला, कुबडी तशीच राहिली. कुबडी असेपर्यंत इंटेलचा ड्रायव्हरही उठणार नव्हता. पाडव्याला मी बडोद्याला परत.

तक्रार का आली नाही? कारण चुकीच्या मांडणीमुळे अक्षरं फुगून रुंद दिसत होती आणि बाबांना वाटलं, पोराने माझ्या डोळ्यांसाठी मोठी करून दिली. मशीन हळू झाली हे त्यांच्या मनातच आलं नाही. हळू झालो तो मी, असंच त्यांनी धरलं.

लगेच फाइल बदलली नाही. मशीन परत सुरू केली, ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून तो शब्द तेवढ्यापुरता खोडला आणि पुढे जाऊ दिलं. असं केलं की बदल एकाच वेळेपुरता राहतो. पडदा काळा पडला तर बंद करून चालू करायचं, जुनं सगळं परत येतं. पडदा काळा पडला नाही. लखलखीत आला, १९२० गुणिले १०८० वर. मग फाइलमधून शब्द कायमचा काढला, 'अपडेट-ग्रब' चालवलं, परत सुरू केलं. वर्तमानपत्राचं पान मुद्दाम उघडं ठेवलं, जाहिरात हलत होती. एक्सऑर्ग चार-पाच टक्क्यांवर. अक्षरं मात्र आता बारीक झाली, ती सेटिंगमधे जाऊन मोठी केली.

बाबांना बसवलं. बोट खाली गेलं, अक्षर आलं. 'आजी'. एकच वेलांटी. त्यांनी पूर्ण ओळ लिहिली, मग दुसरी. मधे एकदा बोट सवयीने दुसऱ्यांदा दाबायला गेलं आणि हवेतच थांबलं.

"म्हणजे सहा महिने माझा हात बरा होता?"

"हो बाबा. चूक माझी होती. दिवाळीत मी एक शब्द लिहून विसरलो."

मला वाटलं रागावतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आई दारात उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला आणि "भज्यांचं तेल तापून राहिलंय" म्हणत आत गेली. बाबा म्हणाले, "गणितात हातचा घेतला की पोरांना मी डोक्यावर लिहायला लावायचो. लिहिला नाही की राहून जातो."

डॉक्टरांची वेळ रद्द करायची का, असं आईने विचारलं. मी नाही म्हटलं. मशीन सुधारली म्हणून माणसाची तपासणी टाळायची नसते. ठरल्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, चालायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ काढून घेतली. वयाच्या मानाने छान आहे म्हणाले. येताना बाबांनी सराफ्यात भुट्ट्याचं कीस खाल्लं, ताईला फोन लावला आणि स्वतः सांगितलं, "अगं, हात नाही, नोमोडसेट होता." ताईला काही कळलं नाही, पण ती फोनवर खूप वेळ हसत होती.

सातवं प्रकरण अर्ध्या वाक्यावर थांबलं होतं. ते आता पूर्ण झालंय आणि नववं चालू आहे.

मंडळी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने "आता माझ्याच्याने होत नाही" म्हटलं, तर लगेच मान डोलवू नका. शेजारी बसून दहा मिनिटं बघा. कधी खरंच डॉक्टर लागतो. कधी आपणच ठेवून विसरलेलं काहीतरी आडवं आलेलं असतं.

आमच्या मशीनच्या डब्यावर आता बाबांच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'येथे तात्पुरते काही केल्यास तारीख व कारण लिहावे. काढल्यावर सही करावी.' खाली पहिली सही माझी घेतली आहे.