अडगळीतला संगणक आणि ऱ्हस्व वेलांटी

जुन्या वस्तूंविषयी हळवे होऊन लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. माझा हेतू तो नाही; एका भंगारातल्या संगणकाचे ऋण तेवढे नोंदवायचे आहे.

मावशीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या सुमारे चारशे ओव्या मी १९९९ साली एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये टंकून ठेवल्या. मूळ वही पुढे वाळवीने खाल्ली. २००४ साली मावशी गेली. पुढच्या वर्षी संगणक बदलला, तर ते सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेना. फाइल उघडावी, तर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे. त्या फाइलीत देवनागरी अक्षरे कधी नव्हतीच. होते ते एका विशिष्ट फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक. फॉन्ट गेला, तसा अर्थही गेला.

त्याच सुमारास एका मित्राने पेंटियम थ्री जातीचा, १२८ एमबी मेमरीचा, कचेरीतून मोडीत काढलेला संगणक दिला आणि त्यावर डेबियन लिनक्स घालून दिले. लिनक्स हे युनिक्सच्या कुळातले, आणि त्या कुळाचा उगमच मुळी अडगळीतला. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी युनिक्सचा आरंभ केला, तो फारसे कोणी वापरत नसलेल्या एका पीडीपी-७ यंत्रावर. त्या तुटपुंजेपणातून एक शिस्त आली: एका आज्ञेने एकच काम नीट करावे. 'सेड' ही अशीच एक आज्ञा. ती मजकूर ओळीओळीने वाचते, बदलते आणि पुढे सोडते. अख्खी फाइल मेमरीत धरावी लागत नसल्याने जुन्या यंत्राला धाप लागत नाही.

कोणत्या चिन्हाचे कोणते अक्षर, असा तक्ता मी केला. अडले ते ऱ्हस्व वेलांटीपाशी. आपण ती व्यंजनाच्या डावीकडे काढतो; फॉन्टनेही ती तशीच आधी साठवलेली. युनिकोड मात्र उच्चाराचा क्रम पाळते: आधी व्यंजन, मग वेलांटी. जोडाक्षर आले, तर वेलांटीने ते सबंध ओलांडायचे. रफाराचे नेमके उलट. लिहिताना शेवटी, उच्चारात आधी. लेखन आणि उच्चार यांतले हे अंतर मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. कळले ते यंत्रासाठी नियम लिहिताना.

तीन आठवड्यांनी पडद्यावर मावशीचा 'किस्न' उमटला. 'कृष्ण' नव्हे, 'किस्न'च. मावशीचा हा उच्चार माझ्याकडे दुसरीकडे कुठेही नोंदलेला नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने अशा ३२-बिट संगणकांवरची नवी स्थापना बंद केली. युनिक्सच्या औदार्यालाही सीमा आहेच. पण ओव्या आता साध्या मजकुराच्या रूपात आहेत. कोणत्याही यंत्रावर उघडतात. त्या संगणकावाचून त्यांचे अडत नाही, हेच त्याचे काम होते.